आधी वही, मग वाफ

पाच, पाच, पाच, चार, पाच.

न्हाणीघराला आतून कडी लावून मी तो कागद चौथ्यांदा वाचत होते. बाहेर सून दार वाजवत होती.

"आई, अहो झालं का? मला उशीर होतोय."

"पोट बिघडलंय माझं," मी आतून म्हटलं. पोट ठणठणीत होतं. बिघडलं होतं ते डोकं.

खिसे चाचपल्याशिवाय कपडा पाण्यात घालायचा नाही, ही माझी लग्नापासूनची सवय. ह्यांच्या खिशातून आजवर निघालं काय? चष्म्याचा स्क्रू, बसचं तिकीट, अर्धी सुपारी. कागदाच्या कारखान्यात चौतीस वर्षं बॉयलर सांभाळला ह्यांनी. त्या काळात मूठमूठ काजळी निघायची. त्या सोमवारी मात्र चार घड्या घातलेला कागद निघाला. कार्बन लावून काढलेली निळी प्रत. वर दवाखान्याचा शिक्का, खाली पाच प्रश्न, प्रत्येक प्रश्नापुढे एकपासून पाचपर्यंत आकडे, आणि एकेका आकड्याभोवती पेनाने गोल केलेला.

मी तिसरीपर्यंत शिकले. अक्षर ओळखते, पण असल्या कागदांच्या भाषेत शिरले की पाय चिखलात रुततो. 'गेल्या सहा महिन्यांत शरीरसंबंधाच्या वेळी इंद्रियास पुरेशी ताठरता...' इथवर बोट फिरवत आले आणि माझे कान तापले. असलं काही छापतात हेच मला माहीत नव्हतं. पुढचे प्रश्नही त्याच वळणाचे. टिकते का, समाधान होतं का, स्वतःवर भरवसा आहे का. तळाशी आकड्यांचा अर्थ दिला होता. एक म्हणजे 'कधीच नाही'. चार म्हणजे 'बहुतेक वेळा'. पाच म्हणजे 'नेहमी'.

नेहमी!

आमच्या घरात तीन वर्षांत 'कधीतरी'सुद्धा नव्हतं. मग हे 'नेहमी' चाललं होतं कुठे?

आणि खरं सांगू, पाचांपेक्षा त्या चाराने मला जास्त जाळलं. सगळे पाच असते तर म्हटलं असतं, म्हाताऱ्याने फुशारकी मारली, सोडा. पण चार लिहिणारा माणूस आठवून लिहितो. एखाद्या दिवशी नीट जमलं नसेल, तेही इमानाने सांगतो. ज्याला मोजण्याइतकं घडतंय तोच चार लिहील.

सगळ्यात खाली हाताने लिहिलं होतं : 'पुन्हा भेट गुरुवार, सकाळी दहा. सोबत पत्नीस आणावे.'

गुरुवारचं मला कोणी काही सांगितलं नव्हतं. मग पत्नी म्हणून हे कुणाला नेणार होते?

ते ओळखायला मला डॉक्टर नको होता. लाँड्रीवालीला.

दोन गल्ल्या सोडून तिची लाँड्री. नवरा गेल्यावर तिने ती एकटीने चालवली. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे पडदे, सगळं वाफेवर. मागच्या खोलीत एक बुटका बॉयलर. त्याला बघायला माणूस मिळेना, म्हणून दोन वर्षांपूर्वी तिने ह्यांना बोलावलं, आणि निवृत्त झाल्यापासून भिंतीकडे बघत बसलेला आमचा माणूस एकदम तरुण झाला. सकाळी आठच्या आत भांग पाडून तयार. दुपारी जेवायला आणि पाठ टेकायला घरी, पुन्हा चारला तिकडे. परत येताना अंगाला दुसऱ्याच साबणाचा वास. शर्टाला अशी कडक इस्त्री की बाही स्वतःच्या पायावर उभी राहील. मी विचारलं तर म्हणाले, "प्रेस गरमच असते गं, जाता जाता फिरवते ती."

जाता जाता! चाळीस-पंचेचाळीस वर्षं मी ह्यांच्या शर्टावरून हात फिरवला, पण 'जाता जाता' कधी नाही.

ती दिसायला काही अप्सरा नाही. पन्नाशीला टेकलेली, दणकट दंडाची, कोपरावर भाजल्याचा डाग. पण हसते मोठ्याने, तोंड लपवत नाही. अशा बायकांना पुरुष घाबरत नाहीत.

संध्याकाळी मी ह्यांच्यापुढे चहा ठेवला आणि जरा खडा टाकून पाहिला.

"अहो, गुरुवारी घरी आहात ना? नळवाला यायचाय."

कप ओठांपाशीच थांबला. "गुरुवारी? गुरुवारी नाही जमायचं. लाँड्रीत वॉल्व्ह बघायचाय."

"तिचा वॉल्व्ह फारच बिघडतो हो."

"जुना आहे," हे म्हणाले. "पण घडण चांगली आहे."

त्यांना माझं बोलणं कळलंच नाही, की कळून न कळल्यासारखं केलं, हे मला शेवटपर्यंत ओळखता आलं नाही. त्या रात्री जेवताना मी दुसरी भाकरी वाढून घेतली, तर पहिली ताटात तशीच होती.

आता तीन वर्षांचं सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई उगाच पिसाळली.

मुलगा-सून एका लग्नाला गेले होते. दुपारची वेळ, घरात आम्ही दोघंच. पासष्टी ओलांडलेला माणूस, पण त्या दिवशी त्यांच्या मनात आलं, आणि माझ्याही आलं. थोडा वेळ गेला. मग ह्यांनी तोंड भिंतीकडे केलं. "गुडघा दुखतोय," म्हणाले. पुढच्याच आठवड्यात त्यांनी आपला पलंग बाहेरच्या खोलीत नेला. तिथे हवा लागते म्हणे.

मी काही विचारलं नाही. बाईने विचारायचं असतं का हो असलं? मी आरशासमोर उभी राहिले आणि माझं मीच उत्तर काढलं. पोट सुटलंय, केस गेलेत, दोन दात पुढचे गेलेत. माणसाला आता आपण नको झालो. इतकं सोपं गणित.

आणि तोंड माझं असं की हार मानायची नाही. धाकटी जाऊ महिन्यातून एकदा येते, तिच्यासमोर मी कपाळाला हात लावून सांगायची, "काय सांगू बाई, म्हातारा अजून स्वस्थ बसू देत नाही." ती बिचारी तोंडावर हात घेऊन हसायची. तिच्या घरी काय होतं काय नव्हतं देव जाणे. तिच्यापुढे माझे नेहमीच पाच असायचे.

मंगळवारी दुपारी हे जेवून आडवे झाल्यावर मी तो कागद मुठीत घेतला आणि लाँड्री गाठली.

आत उकाडा असा की दारातच घाम फुटला. ती मोठ्या प्रेसवर चादर ओढत होती.

"काकू! तुम्ही? या या, बसा. काका बरे आहेत ना?"

"काकांचं तूच सांग," मी म्हटलं. "तुलाच जास्त ठाऊक." आणि कागद तिच्या पांढऱ्या चादरीवर आपटला. "माझ्या घरात जे तीन वर्षं नाही, ते इथं पाच-पाच कसं आहे, एवढंच मला सांग. मग मी जाते."

तिने प्रेस वर केली, हात पुसले, कागद उचलला. ओठ हलवत वाचला. माझी नजर तिच्या तोंडावरून हलली नाही. लाजेल, पांढरी पडेल, पाया पडेल, यांपैकी काहीही चाललं असतं मला.

ती हसायला लागली. आधी नाकातून, मग तोंडाने, मग चादरींच्या गाठोड्यावर बसून पोट धरून.

"हसतेस कुणाला गं?" माझा हात शिवशिवला.

"तुम्हाला नाही हो काकू. थांबा. एक मिनिट थांबा." ती मागच्या खोलीत गेली आणि काळी पडलेली जाड वही घेऊन आली. "ही काकांची वही. बॉयलरचा दाब लिहायची. वाचा."

मी पान उघडलं. तारीख, वेळ, दाब. खाली ह्यांचं ते गोल गोल अक्षर. पाच, पाच, पाच, चार, पाच. पान उलटलं. पाच, पाच, पाच, चार, पाच. महिनाभर मागे गेले. तेच. त्याच क्रमाने.

"ही आजची," ती म्हणाली. "काका सकाळी आठला आले. बॉयलर तेव्हा बर्फ असतो, विस्तवसुद्धा घातलेला नसतो. आल्या आल्या चष्मा लावला आणि संध्याकाळपर्यंतचे आकडे लिहून टाकले. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हटलं, काका ही काय पद्धत? म्हणाले, पोरी, आधी वही, मग वाफ. एकदा लिहिलं की दाब तिथवर आणावाच लागतो. आणि आणतात हो! खोटं कशाला बोलू. दिवसभर त्याच्यासमोर स्टूल टाकून बसतात आणि काटा बरोबर पाचावर नेऊन ठेवतात."

"आणि चार?"

"चार दुपारच्या सुट्टीतला. म्हणाले, सगळे पाच दिसले की तपासनीस म्हणतो, न बघता लिहिलंय. मध्ये एक चार टाकला की त्याचा विश्वास बसतो."

 मी पण गाठोड्यावर बसले. छातीवरची शिळा उतरली असं वाटलं, आणि ते वाटणं किती टिकलं म्हणाल, तर तिने तोंड पुसून पुढचं वाक्य बोलेपर्यंत.

"पण काय माणूस आहे बघा," तिचं हसू आता गेलं होतं. "तिथेही वहीच भरून आले. मी एवढं बजावून पाठवलं होतं, काका, डॉक्टरला सगळं खरं सांगा."

"तू पाठवलंस?"

तिने मान हलवली. मग म्हणाली, "काकू, रागावू नका. माझ्या नवऱ्याचं असंच झालं होतं. जायच्या दोन वर्षं आधी ते बंद पडलं. मी म्हटलं, वय झालं, दमतो. कुणाला सांगणार? मग एक दिवस याच खोलीत छाती धरून बसला तो उठलाच नाही. डॉक्टर मला नंतर म्हणाला, बाई, कधी कधी हीच पहिली खूण असते. रक्ताच्या नळ्या चोंदायला लागल्या की बारीक नळ्या आधी बोलतात, छातीची मागाहून. तेव्हाच सांगायला हवं होतं. महिन्यापूर्वी काका पाण्याची बादली उचलून स्टुलावर बसले. ओठ पांढरे. मी सरळ विचारलं."

"काय विचारलंस?"

"घरी ते चालू आहे का म्हणून."

"आणि?"

"नाही म्हणाले. तीन वर्षं नाही." तिने चादरीची सुरकुती सारखी केली. "रडले थोडे."

रडले.

लग्न होऊन सेहेचाळीस वर्षं झाली. ह्यांचे डोळे मी दोनदा ओले पाहिलेत, आणि दोन्ही वेळा पाणी राखेने आलं म्हणाले. आणि इथे, या परक्या बाईच्या बॉयलरपुढे, स्टुलावर बसून रडले. हिला विचारायला धीर झाला आणि ह्यांना सांगायला. अहो, हे हिच्यापाशी घसरले असते तर मी तमाशा केला असता, भांडी फेकली असती, आणि एक दिवस गिळलंही असतं. पण खरा आकडा हिला दिला, आणि मला? मला गुडघा दिला.

"तुला बरं सांगितलं," मी म्हटलं.  "तू त्यांची कोण गं?"

"कोणीच नाही काकू. म्हणून तर सांगितलं. माझ्यासमोर त्यांना नवरा व्हावं लागत नाही." आणि मग हळूच, पण सोडलं नाही तिने, "तुम्ही विचारलंत का कधी?"

मी कागद उचलला आणि घरी आले. वाटेत तिला मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की मला येत होत्या तेवढ्या सगळ्या संपल्या.

गुरुवारी सकाळी हे भांग पाडून दाराशी आले, तर मी चपला घालून उभी.

"तू कुठे निघालीस?"

"दवाखान्यात. 'सोबत पत्नीस आणावे' असं लिहिलंय. म्हटलं, मी अजून जिवंत आहे."

ह्यांनी खिशाला हात लावला. मग माझ्याकडे पाहिलं.  आणि चपला पायात सरकवल्या.

दहा मिनिटांची वाट. त्यात हे तीन वेळा थांबले. एकदा चपलेचा पट्टा बघितला, एकदा भांड्यांच्या दुकानातल्या किटल्या, एकदा बंद दुकानाचं कुलूप. मी पहिल्यांदाच मोजत होते. इतके दिवस मला वाटायचं, ह्यांना हल्ली दुकानं बघायची आवड लागली.

दवाखान्याच्या बाकावर चार म्हातारे बसले होते. एक कोवळी नर्स पुठ्ठ्याला कागद लावून एकेकाला प्रश्न विचारत होती, सगळ्यांसमोर. माझ्या नातीएवढी पोर. प्रश्न विचारताना ती छताकडे बघे, म्हातारा फरशीकडे बघे. त्यात एक बहिरा.

"आजोबा, टिकतं का?" पोरीला ओरडावं लागलं.

"काय?"

"टिकतं का, टिकतं!"

"पाच!" बहिरा त्याहून मोठ्याने ओरडला.

दुसराही पाच. तिसऱ्याला उठून उभं करायला दोन माणसं लागली, आणि तो साडेपाच आहे का विचारत होता. बाकावर एकजात नवरदेव बसलेले. मला हसू आलं असतं, पण माझ्या शेजारीही एक बसला होता. त्या पोरीसमोर, या लोकांसमोर ह्यांनी 'एक' म्हणायचं होतं. 'कधीच नाही' म्हणायचं होतं. मी स्वतः असते तर म्हटलं असतं का?

डॉक्टर चाळिशीचा, रात्रभर न झोपल्यासारखा. त्याने फाइल उघडली. छाती तपासली, नाडी पाहिली.

"आजोबा, कागदावर तुमची तब्येत माझ्यापेक्षा चांगली आहे," तो म्हणाला. "हे असंच असेल तर दम लागतो तो वयाचा म्हणू, आणि छातीची मोठी तपासणी दोन महिन्यांनी ठेवू. तिथे रांग मोठी आहे, ज्याला घाई त्याला आधी. पण हा प्रश्न मी उगाच विचारत नाही. इथे गडबड असेल तर छातीतही असू शकते. आणि माझ्याकडे येणारे साठीपुढचे सगळे पुरुष या कागदावर पंचविशीचे असतात. म्हणून मी घरून माणूस बोलावतो." तो माझ्याकडे वळला. "आजी, तुम्ही सांगा. हे बरोबर आहे?"

"साहेब, तिला कशाला," हे मध्येच म्हणाले. "लाजते ती."

हे माझ्याकडे बघत होते. या माणसाने आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. भाजी अळणी असली तर मीठसुद्धा मागत नाहीत, तशीच खातात. त्या दिवशी मागत होते.

आणि देणं सोपं होतं. 'मीच नको म्हणते हो डॉक्टर, माझीच इच्छा मेली' एवढं म्हटलं की झालं. ह्यांची मान वर, माझी मान वर, दोन महिन्यांनी बघू. जावेला मी याहून मोठी थाप किती सहज मारली होती. दुसरीकडे मनात एक घाणेरडी सुई टोचत होती, की बोल, सगळं बोल, कळू दे ह्यांना, आपल्याला न सांगता दुसरीला सांगितलं त्याचं काय होतं. खरं बोलायचं तर मी तोंड उघडलं तेव्हा यातलं कुठलं बाहेर पडणार ते मला माहीत नव्हतं.

"कागद चुकलाय साहेब," मी म्हटलं. "तीन वर्षं काही नाही. एकदाही नाही. दहा मिनिटांच्या वाटेत हे तीनदा थांबतात. ह्यांची रीतच अशी आहे, आधी वही भरतात, मग वाफ आणतात. बॉयलरला जमतं ते. हे नाही जमलं."

 बाहेर ती पोर कुणाला तरी 'समाधान होतं का' विचारत होती.

"आणि मीही विचारलं नाही," मी म्हटलं. "तुमच्या कागदात तेवढी जागा असेल तर तेही लिहा."

ह्यांची मान खाली. टेबलाच्या कडेवर दोन्ही हात ठेवलेले, नखांतली काजळी अजून तशीच. मला वाटलं, उठतील आणि चालायला लागतील. मग मी कुणाची?

"साहेब," हे म्हणाले, "तो कागद जरा द्या. पेन पण."

डॉक्टरने फाइलीतला कागद काढून दिला. ह्यांनी चष्मा लावला. पहिल्या पाचावर एक सरळ रेघ मारली. एकच.

"खोडायचं नसतं," मान वर न करता ते म्हणाले. "जुना आकडा दिसला पाहिजे. रेघ मारायची, शेजारी खरा लिहायचा, सही करायची, तारीख घालायची." त्यांनी एक लिहिला. सही केली. तारीख घातली. मग दुसरा. मग तिसरा. चारावर आले तेव्हा क्षणभर थांबले, आणि तिथेही एक लिहिला. "चौतीस वर्षांत माझ्या वहीत ही रेघ नव्हती."

डॉक्टर पुढे हात करून बसला होता. ह्यांनी कागद दिला नाही. माझ्यासमोर सरकवला.

"दुरुस्तीला दुसरी सही लागते," म्हणाले. "त्या शिफ्टला जो बरोबर असेल त्याची."

मला सही करायला वेळ लागतो. चार अक्षरं, तिसऱ्याला काना, तो नेहमी वाकडा जातो. ती मी पाच वेळा केली. डॉक्टरने घड्याळाकडे पाहिलं नाही, एवढ्यासाठी त्याचं भलं होवो.

तपासणी त्याच दुपारी झाली. छातीच्या दोन नळ्या जवळजवळ बंद निघाल्या. आठवडाभरात त्या मोकळ्या केल्या. हे पलंगावर पडल्या पडल्या मुलाला समजावून सांगत होते, "बॉयलरच्या नळीत क्षार धरतो ना, तस्सं. बाहेरून काही दिसत नाही. दाब बरोबर दाखवतो, आणि एक दिवस फुटतो." बाकीचं जे होतं ते परत येईल की नाही, डॉक्टर काही म्हणाला नाही. मीही विचारलं नाही. मात्र या वेळी ह्यांना विचारलं. "बघू," म्हणाले. 'बघू' हे पाचापेक्षा बरं वाटलं मला.

बॉयलर मात्र सुटला. बादली उचलायची नाही, आगीसमोर बसायचं नाही. ते ऐकल्यावर हे खिडकीकडे तोंड करून पडून राहिले, दोन दिवस.

तिसऱ्या दिवशी मी लाँड्रीत गेले. नवा माणूस आला होता. काट्याकडे बघून, मग वहीत लिहीत होता.

"काका कसे आहेत?" तिने विचारलं.

"येऊन विचार की. तुला खरं सांगतात."

या वेळी ती हसली नाही. ह्यांचे दोन शर्ट कागदात बांधून दिले तिने, कडक इस्त्रीचे. मी ते घेतले. मग मागच्या खोलीत गेले आणि बॉयलरपुढचं स्टूल उचललं.

"काकू, ते राहू द्या ना," ती म्हणाली. "इथे बरं दिसतं. आठवण."

"आठवण माझ्या घरी आहे," मी म्हटलं.

दारापर्यंत गेले आणि थांबले. तिच्याशी गोड बोलणं माझ्याच्याने व्हायचं नाही, पण काही न बोलताही जाता येईना. "रविवारी ये," म्हटलं. "चहाला. मी घरी असेन तेव्हा."

लाकडी स्टूल कमरेवर घेऊन मी भर बाजारातून आले. लोक बघत होते, बघू देत. बॉयलरच्या बाजूने ते अजून गरम होतं.

बाहेरचा पलंग मी आधीच आत आणवला होता, माझ्या पलंगाशेजारी. त्याच्या उशाशी स्टूल ठेवलं. ह्यांनी पाहिलं, ओळखलं.

"हे कशाला आणलंस?"

"मला बसायला."

मुलाने रक्ताचा दाब मोजायचं यंत्र आणलंय, काट्याचं. दवाखान्यातल्या त्या नर्सने मला ते शिकवलं. हवा कशी भरायची, कानाला नळी कशी लावायची. सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहायचं. स्टुलावर बसून मी ह्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळला, वही मांडीवर उघडली, तारीख घातली.

"एकशे तीस," हे डोळे मिटून म्हणाले. "लिही."

मी पेन वर धरून ठेवलं आणि काट्याकडे बघत राहिले.